दट्ट्यातलं मेण

समोरच्या टेकडीवर लोखंडी पत्र्याचा एक गवा. घोड्याएवढा उंच. गुलाबी.

*

शाळेच्या बसगाड्यांच्या गोदामातल्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगाचा डबा. झाकण इतकं घट्ट बसलंय की आता छिन्नीशिवाय निघणार नाही.

*

लव्हॉन किटलसनच्या न्हाणीघराच्या भिंती.

*

नळीत फुंकायला माणसाचाच श्वास लागतो. पंपाची हवा कोरडी असते.

*

वेंडेल किटलसनच्या टोपीभोवती ओवलेली सात काडतुसं. सगळी एकाच माणसाची. तो माणूस वेंडेल नव्हे.

*

दालचिनीचा गोड रोल, आणि तो बुडवायला खिमा-राजम्याचं तिखट कालवण. हसणाऱ्यांनी आधी खाऊन बघावं.

*

हा पसारा आता एका दोरीत ओवायचा.

डॅग्नी लुंडबी विलो क्रॉसिंगच्या शाळेची बस चालवते. चाळिशी उलटलेली, आवाज खणखणीत, हात बापासारखे रुंद. बाप हॅल्वर. काळ्या दारूच्या जुन्या रायफली चालवणारे जेवढे खुळे मोंटानाच्या या कोपऱ्यात उरलेत, त्यांच्यातला सर्वांत जुना खुळा. ही मंडळी काडतूस विकत आणत नाहीत. विकतचं काडतूस म्हणजे चर्चच्या जेवणाला हॉटेलातून भाजी नेण्यासारखं. शिसं वितळवायचं, गोळ्या ओतायच्या, त्यांना मेण आणि चरबी चोळायची, उडवलेली पितळी पुंगळी धुऊन पुन्हा दारूनं भरायची, आणि डाय नावाच्या पोलादी नळकांड्यात घालून तिच्या तोंडात गोळी दाबून बसवायची. गोळी किती खोल बसणार ते डायमधला दट्ट्या ठरवतो. दट्ट्याच्या टोकाला वाटीसारखा खळगा असतो, त्यात गोळीचं नाक बसतं. एवढं कळलं की या गोष्टीतलं यंत्र कळलं. बाकी सगळी माणसंच आहेत.

आणि गवा.

मॅचमध्ये सगळ्यांचा नेम या गव्यावरच, आणि त्याची रीत अशी. सप्टेंबरची मॅच जो जिंकेल, त्यानं पुढच्या मे महिन्यात गवा रंगवायचा. रंग त्याच्या मर्जीचा. तो वर्षभर राहतो आणि वर्षभर सगळ्यांनी तो बघायचा. वेंडेल किटलसन गेली किती वर्षं जिंकतोय, आणि बायकोच्या न्हाणीघराला लावून उरलेला गुलाबी रंग संपता संपत नाही.

हॅल्वरचं घर टेकडीच्या बरोब्बर समोर. ओसरीवरच्या खुर्चीत बसलं की नाकासमोर गवा. पण हॅल्वरला तो दिसत नाही. दृष्टीच्या मधोमध भोक पडलंय, कडेकडेनं तेवढं कळतं, आणि जे कळतं तेही राखेच्या रंगाचं.

"सगळी राख," तो म्हणतो. "फक्त तुझी बस दिसते."

"माझी बस?"

"पिवळं दिसतं अजून. वळणावर आलीस की कळतं, डॅग्नी आली."

डोळ्यांची डॉक्टरीण मात्र जुलैमध्ये म्हणाली होती, की पिवळंही फार दिवस राहायचं नाही. एखादं वर्ष. कदाचित तेवढंही नाही.

म्हणून या सप्टेंबरात डॅग्नीला मॅच जिंकायची होती. पुढच्या नव्हे. याच.

*

मॅचच्या दोन दिवस आधी, दुपारी, स्वयंपाकघरात.

वसंतात शेडचं छप्पर गळलं होतं आणि बापाच्या डायवर गंजाचे ठिपके आले होते. डॅग्नीनं तो उचलला, उलटा करून बघितला आणि तिला लाज वाटली. एवढ्या मोठ्या मॅचला असल्या अवजारानं काडतुसं भरायची? बाप खुर्चीत घोरत होता. तिनं कॉफीच्या रिकाम्या डब्यात रॉकेल ओतलं, डायचे तुकडे सुटे केले आणि बुडवले. कडं, दट्ट्या, नळकांडं. दट्ट्या किती खाली येणार ते ठरवणाऱ्या कड्यावर बापानं पूर्वी कधीतरी कोरलेली खूण होती, ती तिनं नीट बघून ठेवली. मग टूथब्रश घेतला आणि लागली घासायला! गंज निघाला. खाली पोलाद असं चमकलं की तिला तिचंच नाक दिसलं.

दट्ट्याच्या खळग्यात काहीतरी होतं. काळं, टणक. दात कोरायच्या काडीनं टोकरलं, काडी मोडली. सुई घेतली. ऊन पाणी ओतलं. आणि टुप्पकन बाहेर आलं! मेणाचं एक बोंड. जुनं मेण, जुनी चरबी, शिशाचा भुगा, सगळं दाबून दाबून दगड झालेलं, आणि एका बाजूला गोळीच्या नाकाचा गुळगुळीत ठसा. तिला इतका आनंद झाला, की कान साफ झाल्यावर होतो तसा. बोंड कचऱ्यात. डाय कोरडा पुसला, बोटाला तेलाचा थेंब लावून तेवढाच फिरवला, बाहेरून. आत तेल राहिलं तर दारू ओली होते हे तिला लहानपणापासून माहीत होतं. कडं खुणेवर आणलं, घट्ट केलं, आणि त्याच संध्याकाळी मॅचची सगळी काडतुसं भरून टाकली.

बापाला सांगितलं नाही. मैदानावर सांगायचं ठरवलं होतं. जिंकल्यावर.

*

शनिवार. ऊन. वारा असा कोरडा की ओठ तडकत होते.

प्रत्येक नेमबाजाला शेजारी एक मदतनीस घेता येतो. मदतनिसानं दुर्बिणीतून बघायचं आणि गोळी कुठं लागली ते सांगायचं. डॅग्नीनं बापाला घेतलं.

"आंधळा दुर्बीणवाला!" वेंडेल किटलसन पलीकडच्या चटईवरून ओरडला. "पोरी, आता एक मुका शोध, वारा सांगायला!"

"तुम्ही आहात की, मिस्टर किटलसन," डॅग्नी म्हणाली. वेंडेलनं तिला शाळेत तीन वर्षं गणित शिकवलं होतं, त्यामुळं तिच्या तोंडून त्याला दुसरं काही येत नसे. "फक्त गप्प बसायला शिका."

हॅल्वर खो खो हसला. छान सुरुवात झाली.

सरावाची पहिली गोळी. डॅग्नीनं खालचा खटका ओढला, काडतूस सरकवलं, खटका मिटला, नळीच्या टोकाची माशी गव्याच्या खांद्यावर टेकवली, चाप दाबला. धूर. मग तो थांबण्याचा वेळ. गोळी जाते, लागते, आवाज परत येतो, तेवढ्यात माणसाचा एक श्वास घेऊन सोडून होतो.

टंण्ण!

"हाय रे!" हॅल्वरनं मांडीवर थाप मारली. "खांदा! आवाज भरीव आला. पोटावर लागलं की भांड्यासारखा येतो. हे काय लागलंय! माझ्या हातानं असं लागून किती वर्षं झाली!"

दुसरं काडतूस जरा अडलं. अंगठ्यानं दाबावं लागलं. टंण्ण!

तिसरं शिरेचना.

तिनं दाबलं. अजून दाबलं. बाहेर ओढलं, तर हातात नुसती पुंगळी आली आणि काळी दारू सर्रकन सगळ्या खटक्यात सांडली. गोळी नळीतच रुतून बसली होती.

तिनं सांडलेली दारू बाहीनं झटकली.

"काय झालं?" हॅल्वर. "काय सांडलं ते?"

"काही नाही."

"दारूचा वास येतोय मला. मी आंधळा आहे, नकटा नाही. काडतूस दे इकडं."

तिनं खोक्यातलं दुसरं काडतूस त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं ते अंगठा आणि तर्जनीत धरलं, एकदा फिरवलं, आणि त्याचा चेहरा बदलला.

"लांब आहे."

"खुणेवर भरलंय, डॅड."

"खुणेवर भरलंयस तर लांब कसं? डायला काय केलंस?"

तिनं खोक्याचं झाकण लावलं.

"डॅग्नी."

"साफ केला."

"किती साफ?"

"सगळा. उघडून. दट्ट्यात मेण होतं खळगाभर. ते काढलं."

हॅल्वरनं काडतूस चटईवर ठेवलं. फार हळू ठेवलं. त्यावरून तिला कळलं की तो किती रागावलाय.

"त्या मेणासकट मी नेम धरत होतो," तो म्हणाला. "तुझी आई होती तेव्हापासून त्या डायला कोणी हात लावला नव्हता."

"गंजला होता!"

"मी पण गंजलोय. मला बुडव रॉकेलात."

*

खरी मॅच जेवणानंतर होती. जेवणाच्या सुट्टीत बायका टेबलावर रोल आणि कालवण वाढत होत्या, आणि नळीत रुतलेली गोळी गजानं ठोकून काढल्यावर डॅग्नी ट्रकच्या मागच्या फळीवर हाताचं छोटं दाबयंत्र काढून बसली होती. गोळ्या अजून खोल दाबायच्या, एवढंच. दट्ट्या खाली फिरवायचा. पण किती? थोडं कमी झालं तर पुन्हा अडणार, थोडं जास्त झालं तर नेम जाणार. जुनं एक जरी काडतूस असतं तर शेजारी धरून मोजलं असतं. घरातली सगळी उडवून झाली होती.

"वेंडेलची टोपी," हॅल्वर म्हणाला.

दुसरी रीत ही. दुसऱ्या नंबरवाल्यानं आपलं एक काडतूस, दारू न भरलेलं, बुडावर साल कोरून, जिंकणाऱ्याला द्यायचं. जिंकणाऱ्यानं ते टोपीत मिरवायचं. हॅल्वर ओळीनं सात वर्षं दुसरा आला होता. मग चौथा. मग म्हणाला, डोळे गेले, आणि रायफल भिंतीला टांगली.

डॅग्नीला त्या टोपीपर्यंत चालत जाणं जन्मातलं सर्वांत लांब चालणं वाटलं.

"मिस्टर किटलसन, टोपी द्या."

वेंडेलच्या मिशीला कालवण लागलं होतं. "ही? ही टोपी मी लग्नातसुद्धा काढली नसती."

"तुमचं लग्न टोपीच्या आधी झालं."

"म्हणून तर त्यात मजा नव्हती."

"ऐकतेय मी!" लव्हॉन टेबलापलीकडून.

"कशाला हवी?"

"तुम्हाला हरवायला."

वेंडेलनं चमचा खाली ठेवला. तिच्याकडं बघितलं, ट्रककडं बघितलं, जिथं हॅल्वर मान वर करून भलत्याच दिशेला बघत बसला होता. मग टोपी काढली. खालचं टक्कल एकदम पांढरं निघालं, जन्मल्यासारखं.

"मी बरोबर येतो. माझी काडतुसं आहेत ती."

*

फळीवर, उन्हात, सात काडतुसं उभी केली. बुडावरची सालं वाचून ओळीनं.

डॅग्नीनं डोळे फळीच्या पातळीवर आणले.

जिना होता तो. पहिलं सर्वांत उंच. दुसरं केसभर कमी. तिसरं त्याहून कमी. आणि सातवं, पहिल्याच्या शेजारी धरलं तर तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं बुटकं. साचा तोच, शिसं तेच, पुंगळी तीच, खूण तीच. फक्त दट्ट्याच्या खळग्यात वर्षावर्षाला मेणाचा एकेक थर बसत गेला, आणि गोळी एकेक केस खोल जात राहिली.

डॅग्नीनं आपलं काडतूस खोक्यातून काढलं. आजचं. साफ केलेल्या डायमधलं. सातव्याशेजारी ठेवलं: कितीतरी उंच. सहाव्याशेजारी. पाचव्या. आणि ओळीच्या टोकाला, पहिल्याशेजारी.

सारखं!

"डॅड! हात दे! हात दे इकडं!"

तिनं त्याचं बोट धरलं आणि ओळीवरून फिरवलं, टोकावरून टोकावर, खाली खाली. मग परत वर, आणि शेवटी आजच्या काडतुसावर. हॅल्वरनं पुन्हा फिरवलं. आणखी एकदा. एकट्यानं.

"पहिल्या वर्षी," तो सावकाश म्हणाला, "मी वेंडेलपेक्षा एकाच गोळीनं मागं होतो."

"वाऱ्यानं," वेंडेल म्हणाला. "वाऱ्यानं गेली होती तुझी ती. मला आठवतंय."

"पुढच्या वर्षी दोन. मग तीन." हॅल्वर मोठ्यानं हसायला लागला, आणि ते हसणं थांबेना, डोळ्यांत पाणी आलं तरी थांबेना. "सात वर्षं मी त्या डॉक्टरणीला शिव्या घालतोय! मेलीला म्हटलं, तुझा चष्मा चुकलाय! आणि मेण! अरे मेण!"

"म्हणजे मी सात वर्षं..." वेंडेल. टोपीविना तो अगदी कोणाचातरी आजोबा दिसत होता.

"जिंकलास ते जिंकलास," हॅल्वर म्हणाला. "तुझा डाय तू घासत होतास. तो काय गुन्हा आहे?"

"पण हे शिरत कसं नाही?" डॅग्नी. "तेव्हा तुझी शिरायची ना? एवढीच लांब होती, तर शिरायची कशी?"

हॅल्वरचं हसणं चाकू फिरवल्यासारखं थांबलं.

"फुंकणी," तो म्हणाला.

*

काळी दारू जळली की नळीत काजळी धरते. कोरड्या हवेत ती दगडासारखी होते आणि लांब काडतुसाची गोळी तिच्यावर अडते. म्हणून प्रत्येक गोळीनंतर मागून नळीत फुंकायचं. श्वासाच्या ओलीनं काजळी मऊ पडते. जुने लोक सगळे फुंकत. हॅल्वरही फुंकायचा. मग कधीतरी काडतुसं आपोआप सुरळीत शिरायला लागली, आणि त्याला वाटलं रायफल वयानं शहाणी झाली. फुंकणी खोक्याच्या तळाशी गेली. डॅग्नी नेमबाजी शिकली ती त्यानंतर. तिला कोणी फुंकायला शिकवलंच नाही.

"गोळ्या खोल दाबायच्या नाहीत," ती म्हणाली. दाबयंत्र तिनं ट्रकमध्ये परत फेकलं. "एकही नाही."

"पोरी, माझी छाती आता—"

"तुझी छाती आहे तेवढी पुरे. तू फुंक. मी मारते."

फुंकणी निघाली: तळ कापलेली पितळी पुंगळी, तिला जोडलेली रबरी नळी. रबर मधोमध तडकलेलं. हॅल्वरनं तडकलेल्या जागी अंगठा दाबला, फुंकून बघितलं, आणि मान हलवली.

वेंडेल काडतुसं टोपीत ओवत होता. त्यानं ती उलट्या क्रमानं ओवली, घाईत असेल.

"हॅल्वर," जाता जाता तो म्हणाला, "मी तुला एक गोळीसुद्धा सोडणार नाही."

"सोडलीस तर तुझ्या घरी जेवायला येणार नाही."

*

धूर. टंण्ण. खटका खाली. फुंकणी आत. फूऽऽ. फूऽऽ. फूऽऽ. काडतूस आत, लोण्यात बोट जावं तसं. खटका वर.

"वारा डाव्या कानावर आला," हॅल्वर. "मघाशी मानेवर होता."

"रस्त्यावरची धूळ बघतेय मी. त्या वळणावर रोज बस वळवते, डॅड, मला तिथलं गवतसुद्धा ओळखतं."

धूर. टंण्ण. फूऽऽ. फूऽऽ. फूऽऽ.

"दम घे."

"मेल्यावर घेईन. मार!"

धूर. टंण्ण.

धूर. काही नाही. नुसती माती उडाली.

"गेली," डॅग्नी.

"गेली तर गेली. तिला निरोप देत बसू नकोस. फूऽऽ."

हॅल्वरचं तोंड लालबुंद झालं होतं. ओठांना काजळी, मिशीला काजळी. मागं माणसं जमली होती, कालवणाच्या वाट्या हातात, आणि कोणी चमचा तोंडाला लावत नव्हतं. वेंडेलच्या चटईवरूनही टंण्ण, टंण्ण, टंण्ण. मग एकदा नुसती माती. मागून सगळ्यांचा एकदम श्वास आत गेला, आणि लव्हॉनचाच आवाज सर्वांत मोठा.

शेवटी मॅच चालवणारी बाई कर्ण्यात ओरडली: बरोबरी! किटलसन आणि लुंडबी! एकेक गोळी, आळीपाळीनं, एकाची चुकेपर्यंत!

वेंडेल, टंण्ण.

डॅग्नी, टंण्ण.

वेंडेल. बराच वेळ नेम. धूर. श्वास घेऊन सोडला. आणखी एक घेतला. टेकडी गप्प.

वेंडेलनं गाल रायफलीवरून उचलला नाही. तसाच पडून म्हणाला, "चल पोरी. गणितात पन्नास दिले होते मी तुला. ते फेड."

"एकावन्न."

"बघ, फेडायला लागलीससुद्धा."

हॅल्वरनं फुंकणी आत घातली. एकदा फुंकलं. दुसऱ्यांदा फुंकलं. तिसऱ्यांदा श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि खोकला आला, असा की सगळा बाप हलला. डॅग्नी उठायला लागली. त्यानं तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली ठेवलं. खोकला गिळला. तिसरी फुंकर मारली, तिन्हींत सर्वांत लांब.

काडतूस शिरलं.

"वारा?" ती कुजबुजली.

"मेलाय. आत्ता. हाण!"

चाप. धक्का. धूर एवढा दाट की तिला स्वतःचे हात दिसेनात, गवा तर नाहीच. त्या धुरात दोघं सारखीच आंधळी होती. ती श्वास घ्यायची विसरली. हॅल्वरनं मान वाकडी केली, चांगला कान टेकडीकडं धरला, आणि एक हात हवेत उचलून धरला.

*

मे महिन्यात डॅग्नीनं पिवळ्या रंगाचा डबा छिन्नीनं उघडला तेव्हा अर्धा रंग वाळून गेलेला निघाला, त्यामुळं गव्याची शेपूट गुलाबीच राहिली.